घसरल्याच्या दुसऱ्या दिवशी

इंग्लंडच्या राजघराण्यातल्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणाऱ्या घराण्यातले विल्यम बँटिंग १८६२ साली पासष्टीत होते. उंची पाच फूट पाच इंच, वजन सुमारे ९२ किलो. बुटांच्या नाड्या बांधायला वाकता येत नव्हतं. जिना उतरताना गुडघे आणि घोटे दुखत, म्हणून ते पाठमोरे उतरत. ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा ते विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले आणि हार्वींनी कानाइतकंच त्यांच्या ताटाकडेही लक्ष दिलं. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद. वर्षभरात बँटिंग यांचं वजन एकवीस किलोंच्या आसपास उतरलं. १८६३ मध्ये त्यांनी ही हकीकत स्वखर्चानं छापून वाटली. ती इतकी गाजली की डाएट करण्याला इंग्लंडात लोक ‘बँटिंग करणं’च म्हणू लागले.

डाएटच्या इतिहासात बँटिंग यांचं नाव येतं ते या पथ्यामुळे. मला त्या पुस्तिकेतला त्याआधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. कोणी सांगितलं म्हणून ते रोज पहाटे दोन-दोन तास नाव वल्हवत. अंगात ताकद आली, पण भूक अशी खवळली की वजन उलट वाढलं. मग तुर्की हमाम झाले, समुद्राची हवा झाली, औषधी झऱ्यांची गावं झाली, नामांकित डॉक्टर झाले. अशी कित्येक वर्षं गेली. हा माणूस आळशी नव्हता, कामचुकार नव्हता, पैशालाही कमी नव्हता. तरीही जमत नव्हतं.

वजन उतरवलेल्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात त्या शेवटच्या, यशस्वी प्रयत्नापासून. आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले असतात. मध्येच सोडलेली डाएटं आणि भरून वाया गेलेली जिमची वार्षिक फी त्या फोटोंत कुठेच नसते. अमेरिकेत १९९४ पासून ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’ नावाची एक नोंदवही ठेवली जाते. रेना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी ती सुरू केली. तिच्यात नाव घालायला किमान १३.६ किलो वजन उतरवलेलं हवं आणि ते निदान वर्षभर तसं टिकवलेलं हवं. दहा हजारांहून जास्त माणसं तिच्यात आली. ही आपणहून नाव नोंदवणारी माणसं, त्यामुळे त्यांच्यावरून सगळ्या जगाचा हिशोब मांडता येत नाही. तरी एक गोष्ट नजरेत भरते. यांच्यातल्या बहुतेकांनी, दहातल्या नऊंच्या आसपास, याआधीही वजन उतरवायचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता.

मग आधीच्या खेपांना काय कमी पडलं? ‘मनाचा निर्धार’, असं घरचे म्हणतात आणि आपणही मान डोलावतो. शरीरात काय घडतं ते पाहिलं, तर या उत्तराचा बराचसा भाग गळून पडतो.

केविन हॉल हे २०२५ पर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक होते. भूक नेमकी किती वाढते हे मोजायला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नामी वाट शोधली. मधुमेहाचं एक औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकतं, रोज साधारण ३६० कॅलरींइतकी. औषध घेणाऱ्याला ही गळती जाणवत नाही. तो डाएट करत नसतो, मनाला मुरड घालत नसतो, तरीही वजन उतरू लागतं. आणि काही महिन्यांनी ते उतरायचं थांबतं, कारण तो नकळत जास्त जेवू लागलेला असतो. या आकड्यांवरून संशोधकांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला. वजन एक किलो उतरलं की शरीराचा दिवसाचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे शंभर कॅलरींनी वाढते.

हा आकडा जरा सावकाश वाचायला हवा. समजा, सहा महिने कष्ट करून कोणी आठ किलो उतरवले. आता त्या माणसाला पूर्वीपेक्षा दिवसाला आठशेच्या आसपास कॅलरी जास्त खाव्याशा वाटतात. म्हणजे पोळी, भाजी, वरण-भात असं एक पोटभर जेवण. शिवाय त्याचं शरीर पूर्वीपेक्षा दीड-दोनशे कॅलरी कमी खर्चतं. पहिल्या महिन्यात जे पथ्य सोपं वाटत होतं, तेच सातव्या महिन्यात जीव खातं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, याचा उत्साह संपला. खरं तर हा माणूस आता पूर्वीपेक्षा जास्त जोर लावत असतो आणि त्या जोरावर आहे तिथे टिकून असतो.

यामागची रसायनं हळूहळू उलगडत गेली. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला. चरबीच्या पेशींतून निघणारं हे संप्रेरक ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप मेंदूला देतं. चरबी घटली की निरोप क्षीण होतो आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. पुढे जपानमध्ये भूक चाळवणारं घ्रेलिन सापडलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेलबर्नच्या प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं. त्यांचं सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं आणि भुकेची संप्रेरकं अपेक्षेप्रमाणे बिघडली. धक्का पुढेच होता. वर्षभरानं पुन्हा रक्त तपासलं, तेव्हाही ती मूळ पातळीवर आलेली नव्हती. शरीर वर्षभर अडून बसलेलं होतं.

अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना हॉल यांच्या गटानं सहा वर्षांनी गाठलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यांतले ४१ परत आले होते. विश्रांतीत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज पाचशे कॅलरी कमी खर्चत होतं. बातमी आली तेव्हा अनेकांनी तिचा अर्थ ‘म्हणजे प्रयत्नच व्यर्थ’ असा घेतला. पण याच गटात ज्यांचं वजन बऱ्यापैकी टिकलं, त्यांनी हालचाल कितीतरी जास्त वाढवली होती, हे नंतर कळलं आणि त्याची बातमी तेवढी मोठी झाली नाही.

वजन उतरवणाऱ्या आताच्या इंजेक्शनांनीही भुकेचं हेच बळ दाखवलंय. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातला दोन-तृतीयांश भाग परत आला. माणूस तोच, निर्धारही तोच, फक्त भुकेला लावलेला लगाम काढला होता. २०२५ पासून वजनासाठीची ही औषधं आपल्याकडेही मिळू लागली आहेत. ती घ्यावीत की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. पण ज्यांना गेली वीस वर्षं ‘तोंडावर ताबा नाही’ हे ऐकावं लागलं, त्यांनी या चाचणीचा निष्कर्ष कापून जवळ ठेवायला हरकत नाही.

शरीराचा भाग हा एवढा. आता मनाचा.

१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी कॉलेजातल्या मुलींना आइस्क्रीमची चव पाहायला बोलावलं. त्याआधी काहींना मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही. मिल्कशेक प्यायलेल्या मुली आइस्क्रीम कमी खातील, असं कोणालाही वाटेल, आणि खाण्याबाबत फार विचार न करणाऱ्या मुली वागल्याही तशाच. ज्या सतत वजनाला जपत होत्या त्या मात्र मिल्कशेकनंतर जास्त आइस्क्रीम खाऊन गेल्या. पथ्य मोडलंच आहे, तर आता काय राखायचं! हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी पुढे याच गोष्टीचा पिच्छा पुरवला.

हा प्रयोग आपल्याकडच्या प्रत्येक ऑफिसात रोज चालतो. चार वाजता कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो, सोबत समोसे. एक खाल्ला जातो. आजचा दिवस गेलाच, म्हणून रात्री बाहेर जेवण होतं. उद्या शनिवार, परवा रविवार, मग सोमवारपासून नीट. त्या सोमवारी संकष्टी निघते आणि ताटात साबुदाण्याची खिचडी येते. दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा घातलेला निव्वळ पिष्टमय पदार्थ खाऊन आपण उपवास केला असं मानणं ही आपली खास कमाई आहे, पण तो वेगळ्या प्रकरणाचा विषय. इथे मुद्दा असा की एका समोशाच्या अडीच-तीनशे कॅलरी कोणाचंही वजन बिघडवत नाहीत. बिघाड होतो तो समोसा आणि पुढचा सोमवार यांच्यामधल्या दिवसांत. गृहकर्जाचा एक हप्ता चुकला, म्हणून कोणी पुढचे सहा बुडवत नाही. खाण्याच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

त्यात वजनकाटा आगीत तेल ओततो. श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काट्यावर दीड किलो जास्त दिसतं आणि महिन्याची मेहनत पाण्यात गेली असं वाटतं. वास्तविक एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जादा जाव्या लागतात. सणाच्या एका जेवणात हजार कॅलरी जास्त गेल्या असं धरलं, तरी चरबी सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या वर जात नाही. बाकीचं बहुतेक पाणी, उरलेलं पोटातलं अन्न. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि यकृतात व स्नायूंत साठणारं ग्लायकोजेन आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी सोबत बाळगतं. दोन-चार दिवस नेहमीचं जेवण झालं की हे पाणी उतरतं. याचीच दुसरी बाजू म्हणजे डाएटच्या पहिल्या आठवड्यात ‘तीन किलो गेले’ म्हणून जो आनंद होतो, त्यातही मोठा वाटा पाण्याचा असतो. एका आठवड्याच्या काट्यावर ना फुशारकी मारावी, ना रडावं.

सणांच्या वजनाबद्दल अमेरिकेत २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५ माणसांचं त्यांच्या नाताळाच्या हंगामाआधी आणि नंतर वजन केलं. लोकांना वाटत होतं त्यापेक्षा वाढ फारच कमी निघाली, सरासरी अर्ध्या किलोच्या आत. पण ती पुढच्या महिन्यांत उतरली नाही. आपल्याकडे श्रावणापासून संक्रांतीपर्यंत गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नं, हुरडा असं सगळं ओळीनं येतं. मोकळा सोमवार शोधायला बसलं तर तो थेट फेब्रुवारीत सापडेल. म्हणून ‘यंदा फराळाला हात लावणार नाही’ ही प्रतिज्ञा मला फारशी कामाची वाटत नाही. लाडू-चकली खाल्ली त्याच दिवशी रात्रीचं जेवण नेहमीसारखं करायचं आणि सकाळी नेहमीच्या वेळी चालायला निघायचं, हे ठरवणं जास्त उपयोगी.

पुन्हा पुन्हा अपयश आलेल्या माणसानं या एकाच गोष्टीवर जोर द्यावा, असं माझं मत आहे. किती वेळा घसरलो हे मोजू नये, परत यायला किती दिवस लागले ते मोजावं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावायला सांगितली आणि बारा आठवडे त्यांच्या नोंदी घेतल्या. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एकवीस दिवसांचा जो मंत्र सगळे सांगतात, त्याला काही आधार नाही. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

परतायचं तर स्वतःला फटकारणं थांबवावं लागतं. कडक बोललं की माणूस सुधारतो हा समज आपल्याकडे शाळेपासून मुरलेला आहे. २००७ मध्ये क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी वजनाला जपणाऱ्या मुलींना आधी एक डोनट खायला दिला. काहींना सोबत एवढंच सांगितलं की हे सगळेच खातात, मनाला लावून घेऊ नका. पुढे चवीच्या नावाखाली गोळ्या-चॉकलेटं ठेवली, तेव्हा या मुलींनी ती कमी खाल्ली. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांनी जास्त खाल्ली. अपराधी भावना भूक वाढवते, हे आईला आणि ट्रेनरला दोघांनाही सांगायला हवं.

दुसरी गोष्ट लक्ष्याची. गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठ स्थूल स्त्रियांना उपचारांआधी विचारलं, किती वजन उतरवायचंय? सरासरी उत्तर होतं, आहे त्याच्या बत्तीस टक्के. सतरा किलो उतरले तर? निराशा होईल, असं त्या म्हणाल्या. अठ्ठेचाळीस आठवड्यांच्या उपचारांत सरासरी सोळा किलो उतरले. वैद्यकाच्या दृष्टीनं हा उत्तम निकाल, पण त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या जणी स्वतःच ठरवलेल्या निराशेच्या आकड्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या. पुढच्या खेपेची हिंमत अशानंच खचते.

तब्येतीला किती पुरतं? अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत सात टक्के वजन उतरवायचं उद्दिष्ट होतं. आहार आणि चालणं यांनी मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ऐंशी किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. त्याहून बोलका निकाल चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. आहार आणि व्यायाम बदललेल्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला आणि त्यांचं वजन जवळपास जिथल्या तिथेच होतं! काटा हलला नाही म्हणून चालणं सोडलेल्यांनी हे वाचायला हवं होतं.

आपल्या बाबतीत काट्याचं ऐकणं तसंही जपूनच करावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीर कमी वजनातही चरबी बाळगतं. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढतात आणि कंबर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावी असं सांगतात. काटा अडून बसतो त्या महिन्यांत टेपनं कंबर मोजावी, उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब पाहावा. चालायला लागलेल्यांची कंबर कित्येकदा वजनाआधी हलते, आणि हलणारा एखादा आकडा हाताशी असला की माणूस टिकतो.

‘दीक्षित की दिवेकर’ या वादानं मध्यंतरी महाराष्ट्रातल्या पंगतीच्या पंगती रंगल्या होत्या. एकीकडे दीक्षितांचं ‘दिवसातून दोनदाच जेवा’, दुसरीकडे दिवेकरांचं ‘थोडं थोडं, वेळच्या वेळी खा’. त्या भांडणात मी पडत नाही. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला. दोन्ही गटांचं वजन सारखंच उतरलं, पाच-सहा किलो. फरक होता तो एकाच गटातल्या माणसामाणसांत, कोणी तीस किलो उतरवले तर कोणाचं वजन वाढलंही. मागच्या वेळी जे पथ्य सर्वांत जास्त दिवस टिकलं, तेच थोडं सैल करून पुन्हा घ्यावं. ज्याच्या आठवणीनंही पोटात खड्डा पडतो, ते घेऊ नये, मग ते कोणत्याही डॉक्टरांचं असो.

टिकवण्याबद्दल रेना विंग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. नुकतंच बरंच वजन उतरवलेल्या ३१४ जणांपैकी काहींना त्यांनी रोज काट्यावर उभं राहायला आणि रंगांचे पट्टे आखून घ्यायला शिकवलं. ठरलेल्या वजनापासून दीड किलोच्या आत असाल तर हिरवा पट्टा, चालू आहे ते चालू द्या. त्याच्या वर गेलात तर पिवळा, काय बदललं ते शोधा. सव्वादोन किलो ओलांडले तर लाल, वजन उतरवताना जे केलं होतं ते त्याच दिवसापासून पुन्हा सुरू. दीड वर्षानंतर ज्यांना हे शिकवलं नव्हतं, त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांचं वजन लाल पट्ट्यात गेलं होतं, प्रत्यक्ष भेटून शिकलेल्यांपैकी ४६ टक्क्यांचं. म्हणजे शिकलेल्यांतही जवळजवळ निम्मे घसरलेच. पण दोन किलोंवर सावध होणं आणि दहा किलोंवर सावध होणं यांत फार अंतर आहे. लाल पट्ट्यात काय करायचं ते हिरव्यात असतानाच कागदावर लिहून ठेवावं, कारण लाल पट्ट्यातला माणूस वैतागलेला असतो.

रोजचा काटा सगळ्यांना मानवत नाही. ज्यांचं खाणं अधूनमधून हाताबाहेर जातं, एका बैठकीत प्रचंड खाल्लं जातं आणि नंतर लाज वाटून लपवावं लागतं, त्यांनी नवं डाएट न घेता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. हा ओळखला गेलेला आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्टेरॉइडं, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं यांनीही वजन वाढतं. ती मनानं बंद करू नयेत, पण पर्याय आहे का हे डॉक्टरांना जरूर विचारावं. थायरॉइड आणि पीसीओएसची तपासणी एकदा करून घेतली की निदान ‘माझंच काहीतरी चुकतंय’ हा भुंगा थांबतो.

राहिले घरचे. चौथ्यांदा चालायला निघालेल्या माणसाला दारातच ‘परत सुरू का?’ असं विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ऐकणारा तिथेच अर्धा परततो. मदतच करायची असेल तर करण्यासारखं बरंच आहे. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर जाऊ शकतो, भात शेवटी वाढता येतो, पाहुण्यांकडे ‘घे गं एवढ्यानं काय होतंय’ सुरू झालं की विषय बदलता येतो, आणि सकाळी सहाला आपणही चपला घालून त्या माणसाबरोबर खाली उतरता येतं.